एका पुस्तिकेनं देशाचं मत फिरतं का? (१७७६ च्या आधीची अमेरिका)

नदीकाठ:
फिलाडेल्फियात राहून मला अकरा वर्षं होतील. कामावर जाताना वाटेत थर्ड स्ट्रीट लागतो. याच रस्त्यावर, सेंट पॉल चर्चच्या शेजारी, रॉबर्ट बेल या मुद्रकाचं दुकान होतं. १७७६ च्या जानेवारीत तिथून ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका बाहेर पडली, अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजापासून वेगळं व्हावं असं सांगणारी. किंमत दोन शिलिंग, लेखकाचं नाव नाही. लिहिणाऱ्या टॉमस पेनला इंग्लंडहून येऊन जेमतेम चौदा महिने झाले होते.

गेल्या आठवड्यात लेकीला शाळेत प्रश्न दिला: ‘कॉमन सेन्स’नं वसाहतींतल्या लोकांना स्वातंत्र्यासाठी कसं तयार केलं? ती म्हणाली, “आई, तयार केलं हे त्यांनी आधीच धरून चाललंय. पण एक पुस्तक वाचून माणूस आपला राजा सोडतो का?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून रोज रात्री वाचत बसते.

वाचताना पहिली गोष्ट कळली ती अशी, की पेन या भांडणात फार उशिरा आला. इंग्लंडशी चाललेल्या वादावर १७५० ते १७७६ या काळात वसाहतींमध्ये चारशेहून जास्त पुस्तिका छापल्या गेल्या. बॉस्टनच्या जेम्स ओटिसनं १७६४ मध्ये वसाहतींच्या हक्कांवर लिहिलं. १७६५ मध्ये स्टॅम्प कायदा (वसाहतींतल्या छापील कागदांवर कर बसवणारा) आला आणि मेरीलँडच्या डॅनियल ड्युलनीनं त्यावर लेखणी उचलली. सरकारचं म्हणणं असं, की मँचेस्टर-बर्मिंगहॅमही पार्लमेंटात माणूस पाठवत नाहीत, तरी पार्लमेंट त्यांच्याही वतीनं बोलतं. तसंच तुमच्याही वतीनं बोलतं. ड्युलनीचं उत्तर मला फार आवडलं. मँचेस्टरवर बसणारा कर मतदारावर आणि खासदारावरही बसतो, म्हणून तिथं हात आखडतो. अमेरिकेवर कर बसला की इंग्लंडातल्यांचा भार उलट हलका होतो. मग आमच्या वतीनं बोलायची त्यांना गरजच काय?

हाच ड्युलनी पुढे स्वातंत्र्याच्या बाजूनं आला नाही. मुद्दा त्यानं घडवला आणि पुढे नेला दुसऱ्यांनी. हे वाचल्यापासून मला झोप नाही. पुस्तिकांनी मतं बदलली, की बदलत चाललेल्या मतांना त्यांनी फक्त शब्द दिले? जाणकारांनी सांगावं.

पानगळ:
वाचनखूण साठवली. शाळेत आम्हाला एवढंच शिकवलं होतं की चहा समुद्रात फेकला आणि देश स्वतंत्र झाला.

खिळेकरी:
आमचा तीन पिढ्यांचा छापखाना. आजोबांच्या वेळचं ट्रेडल मशीन अजून गोडाऊनमध्ये आहे, म्हणून विषय बघून थांबलो. ताई, तुम्ही विचारांचं लिहिलंत, मी वस्तूचं लिहितो.

पुस्तिका म्हणजे कागदाचे थोडेसे ताव. दोन्ही बाजूंनी छापायचे, घड्या घालायच्या, मध्ये सैल शिलाई मारायची. पुठ्ठा नाही, बांधणी नाही. एक ताव तीनदा दुमडला की सोळा पानं होतात. आम्ही त्याला फॉर्म म्हणतो आणि आजही हिशेब सोळाच्या पाढ्यानंच चालतो. तीन-चार फॉर्मांची पुस्तिका असेल तर खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायला आठवडे लागत नाहीत. एक फॉर्म छापून झाला की तेच खिळे सोडून पुढच्याला घेता येतात, त्यामुळे गावातल्या छोट्या छापखान्यालाही ते झेपतं. मोठा ग्रंथ छापायला भांडवल लागतं, वर्तमानपत्रात जागा पुरत नाही. वाद घालायला मधलं माप हवं असतं, ते इथं मिळालं. आज कुणी लिहिलं आणि त्याला पुढच्याच महिन्यात उत्तर आलं, हे त्या मापामुळे जमलं.

दुसरं कागदाचं. तेव्हा कागद चिंध्यांपासून व्हायचा. तिथले मुद्रक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचे की जुन्या चिंध्या आणून द्या, पैसे देतो. स्वातंत्र्याचं भांडण लोकांच्या फाटक्या सदऱ्यांवर छापलं गेलं, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

तळटीप:
खिळेकरीदादा, सुंदर प्रतिसाद. मी थोडा विरोधी सूर लावतो.

‘कॉमन सेन्स’च्या खपाचे आकडे डोळे झाकून घेऊ नका. तीन महिन्यांत १ लाख २० हजार प्रती गेल्या, हा आकडा खुद्द पेनचा. पुढे लिहिणाऱ्यांनी तो ५ लाखांवर नेला. खिळेकरीदादांनी सांगितलेला चिंध्यांचा कागद आणि हातानं ओढायचा दाब डोळ्यांसमोर आणा. पाच लाख प्रती कुठल्या यंत्रावर निघणार? बेलनं पहिल्यांदा काढल्या त्या हजार. वर्षभरात पंचवीसच्या आसपास आवृत्त्या निघाल्या, हे तेव्हाच्या मानानं प्रचंडच आहे. त्याला आणखी फुगवायची गरज नाही.

पेन आणि बेल यांचं भांडणही या आकड्यांशी जोडलेलं आहे. नफ्यातला आपला वाटा कॅनडातल्या क्वेबेकच्या मोहिमेवर गेलेल्या सैनिकांच्या लोकरी हातमोज्यांसाठी द्यायचा, असं पेननं ठरवलं होतं. बेल म्हणाला, नफाच झाला नाही. पेननं वाढवलेली आवृत्ती ब्रॅडफर्ड या मुद्रकांकडे निम्म्या किमतीला काढली, तर बेलनं न विचारता स्वतःचीच दुसरी आवृत्ती आणली. दोघांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींमधून एकमेकांना झोडपलं. या भांडणानंही पुस्तिकेचं नाव घरोघरी पोचलं, असं माझं मत आहे.

कडूगोड:
हातमोज्यांचं माहीत नव्हतं. पेन आता आणखी आवडला.

बांधावरून:
मी शेती करतो, इतिहासाचा विद्यार्थी नाही. पण ‘शेतकरी’ म्हणून सह्या करणाऱ्यांबद्दल बोलायचा मला हक्क आहे, म्हणून लिहितो.

१७६७ च्या डिसेंबरपासून ‘पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकऱ्याची पत्रं’ वर्तमानपत्रात यायला लागली. एकूण बारा. तेव्हाच्या तेवीस वर्तमानपत्रांपैकी एकोणिसांनी ती छापली. लेखक जॉन डिकिन्सन, गडगंज वकील. १७७४ मध्ये न्यूयॉर्ककडे दुसरा ‘शेतकरी’ उगवला, वेस्टचेस्टरचा. हा राजाच्या बाजूचा. खरं नाव सॅम्युअल सीबरी, पेशानं पाद्री. दोघांच्याही हाताला घट्टे नव्हते.

तरी सीबरीचं लिखाण मी भाषांतर-यंत्रातून दोनदा वाचलं, कारण माणूस आमच्या दुखण्यावर बोट ठेवतो. काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं, ठरवलं होतं, इंग्लंडहून माल आणायचा नाही आणि पुढे आपलाही पाठवायचा नाही. सीबरी विचारतो, जवस कुणाला विकणार? घेतलेलं कर्ज फेडणार कशानं? व्यापारी साठा करून ठेवेल आणि चढ्या भावानं विकेल, मरेल तो शेतकरी. वर गावोगावच्या समित्या घरात शिरून तुमच्या डब्यात चहा आहे का ते बघणार. तो म्हणतो, गुलामच व्हायचं असेल तर निदान राजाचा होईन, या समितीवाल्यांचा नाही. खायचंच असेल तर सिंहानं खावं, उंदीर-घुशींनी कुरतडून मारू नये.

निर्यातबंदीच्या एका निर्णयानं माझा कांदा चाळीत सडला होता. निर्णय कुणाचा ते इथं महत्त्वाचं नाही. दूर बसलेली माणसं तत्त्वासाठी बाजार बंद करतात तेव्हा आमच्या घरात काय होतं, ते सीबरीनं अडीचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तो हरला म्हणून त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही.

पानगळ:
बांधावरूनदादा, पोटातून आलेला प्रतिसाद. कांद्याचं वाचून वाईट वाटलं.

तळटीप:
सीबरीचा प्रश्न खरा, हे मान्य. पण त्याला उत्तर कुणी दिलं तेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजातला एक विद्यार्थी, अलेक्झांडर हॅमिल्टन. १७७४ च्या डिसेंबरात एक पुस्तिका, १७७५ च्या फेब्रुवारीत दुसरी, आधीपेक्षा कितीतरी जाड. शेतकऱ्यांना तो सांगतो की आज चहावर दीड दमडी देणं सोपं वाटतं, पण पैसे द्यायला लावण्याचा अधिकार मान्य केलात की उद्या जमिनीवर, टेबल-खुर्च्यांवर, कशावरही कर येईल. ज्याला तुम्ही मत दिलं नाही त्यानं तुमच्या खिशात हात घालावा का, एवढाच त्याचा मुद्दा. तुमचा कांदा सडवणाऱ्याला निदान पुढच्या निवडणुकीत पाडता येतं, दादा. त्यांना तेवढंही नव्हतं.

बांधावरून:
पाडता येतं हे खरं. पण तोवर कांदा थांबत नाही. तरी तुमचा मुद्दा पोचला.

नदीकाठ:
तळटीप, हॅमिल्टनचं नाव काढलंत म्हणून एक गोष्ट सांगते. वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही.

सीबरी आणि हॅमिल्टन, दोघांच्याही पुस्तिका छापणारा मुद्रक एकच होता, न्यूयॉर्कचा जेम्स रिव्हिंग्टन. दुकानात दोन्ही बाजू शेजारी शेजारी विकायला ठेवलेल्या. १७७५ च्या नोव्हेंबरात आयझॅक सिअर्स नावाचा पुढारी कनेटिकटहून घोडेस्वार घेऊन आला. वाटेत त्यांनी सीबरीला पकडून न्यू हेवनला कैदेत पाठवलं, मग शहरात येऊन रिव्हिंग्टनचा छापखाना मोडला आणि खिळे उचलून नेले. काही दिवसांत हॅमिल्टननं काँग्रेसमधल्या जॉन जे यांना पत्र लिहिलं. रिव्हिंग्टन त्याला आवडत नव्हता, तरी झुंडीनं येऊन छापखाना मोडणं त्याला मुळीच पसंत नव्हतं. ज्याला लेखणीनं हरवायचं त्याच्या हातातली लेखणी काढून घेऊ नये, हे कॉलेजातल्या त्या पोराला कळत होतं.

आणि हे एकदाच झालं नाही. १७७६ च्या मार्चमध्ये चार्ल्स इंग्लिस या पाद्रीनं पेनला दिलेलं उत्तर न्यूयॉर्कला सॅम्युअल लाउडनकडे छापून तयार होतं. रात्री जमाव आला आणि साऱ्या प्रती नेऊन जाळल्या. दीड हजार प्रती होत्या. नंतर ते पुस्तक वेगळ्या नावानं फिलाडेल्फियातून आलं.

म्हणजे चर्चा झाली, लोकांना पटलं आणि देश स्वतंत्र झाला, असं सरळ चित्र काढता येत नाही. एका बाजूचे छापखाने मोडून झाल्यावर उरलेलं मत ‘सर्वांचं मत’ ठरलं, असंही थोडं आहे. मला हे लिहिताना त्रास होतोय, कारण मन माझं पेनच्याच बाजूनं आहे.

खिळेकरी:
खिळे नेले म्हणजे हातच तोडले. तिकडे खिळे मुख्यतः इंग्लंडहून यायचे, नवे मिळणं सोपं नाही. मुद्रकावर राग काढणारे सगळीकडे असतात. आमच्याही दुकानाची काच एकदा एका पत्रकामुळे फुटली होती. लिहिणारा मजेत, छापणारा काचा गोळा करतोय.

जाता जाता बेलचं एक. पेनच्या मनात पुस्तिकेचं नाव ‘प्लेन ट्रूथ’ होतं, पण डॉक्टर बेंजामिन रश यांनी ‘कॉमन सेन्स’ सुचवलं. मग मार्चमध्ये मेरीलँडच्या जेम्स चाल्मर्सनं पेनच्या विरोधात पुस्तिका लिहिली आणि नाव ठेवलं ‘प्लेन ट्रूथ’. तीही छापली कुणी? बेलनंच! आमच्या धंद्याला शोभेल असा माणूस.

कडूगोड:
छापणारे सगळे पुरुषच होते का?

खिळेकरी:
नाही ना! व्हर्जिनियात विल्यम्सबर्गला क्लेमेंटिना रिंड होत्या. नवरा वारल्यावर वर्तमानपत्र आणि छापखाना त्यांनी चालवला. टॉमस जेफरसनची १७७४ ची ‘समरी व्ह्यू’ ही पुस्तिका त्यांनीच छापली. त्याच वर्षी त्या गेल्या. पुढे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात येणाऱ्या कितीतरी तक्रारी आधी त्यांच्या छापखान्यात जुळल्या.

साष्टीकर:
आपला संबंध नाही असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही.

१७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाची जहाजं येणार म्हणून अमेरिकेत पत्रकं निघाली. त्यात डिकिन्सननं (हो, तोच ‘शेतकरी’) त्याच कंपनीचं हिंदुस्थानातलं वागणं वाचकांपुढे ठेवलं. कंपनीनं लढाया पेटवल्या, राजे गादीवरून खाली ओढले, नफ्यासाठी लाखो जीव घेतले. एका वर्षात दुष्काळानं पंधरा लाख माणसं मेली असं सांगतात, तेही त्यानं लिहिलं. हा बंगालचा १७७० चा दुष्काळ. तिथं केलं ते आता इथं करायला येताहेत, असा त्याचा इशारा. पेननंही ‘कॉमन सेन्स’च्या आधी, १७७५ मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या मासिकात क्लाइव्हच्या मरणावर लेख लिहिला होता.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली. १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेचा तह केला. ‘कॉमन सेन्स’ दोन महिन्यांचं झालं तेव्हा पुरंदरचा तह होत होता. तिकडे माणसं विचारत होती की कंपनीला आत का येऊ द्यायचं, आणि आमच्याकडे गादीच्या भांडणात तिला हाताला धरून आत आणलं. आमच्याकडे तेव्हा छापखाना नव्हता, प्रश्न चव्हाट्यावर मांडायची सोय नव्हती. ठाण्याच्या खाडीवरून जाताना हे मला दर वेळी टोचतं.

तळटीप:
साष्टीकर, तारखांचा मेळ चांगला दाखवलात. पण छापखाना असता तर राघोबा थांबले असते, असं मला वाटत नाही.

साष्टीकर:
तेही नसते थांबले. पण निदान कुणीतरी लिहून ठेवलं असतं.

उंबरठा:
सगळे स्वातंत्र्य-स्वातंत्र्य करताय, गुलामांचं कुणी बोलेल का? या पुस्तिकांमध्ये ‘गुलामी’ शब्द पानोपानी आहे आणि त्याचा अर्थ काय, तर कर द्यावा लागणं. लिहिणाऱ्यांच्या घरी खरे गुलाम राबत होते. लंडनहून सॅम्युअल जॉन्सननं १७७५ मध्ये विचारलं, निग्रोंना हाकणाऱ्यांच्याच तोंडून स्वातंत्र्याची सगळ्यात मोठी आरोळी कशी ऐकू येते? जॉन्सन सरकारकडून पेन्शन घेत होता, तरी या प्रश्नाला उत्तर नाही.

नदीकाठ:
उंबरठा, बरं झालं लिहिलंत. ओटिसनं १७६४ च्याच पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की निसर्गाच्या नियमानं वसाहतीतली माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत, आणि सगळीच माणसं आहेत, गोरी असोत की काळी. पुढच्या बहुतेकांनी त्याचे हक्कांचे मुद्दे उचलले आणि हे वाक्य मागे ठेवलं. लेकीला मी तेच वाक्य दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे माहीत होतं त्यांना.”

उंबरठा:
हो. माहीत होतं.

पेनचं एक देणं मात्र मी मान्य करते. त्याच्या नंतरच्या पुस्तकातला माणसाच्या हक्कांचा विचार जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचला आणि १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. जे वाक्य तिथल्यांनी मागे ठेवलं ते पुण्यात कुणीतरी उचललं.

पानगळ:
अवांतर: टोपणनावानं वर्तमानपत्रात ओळीनं पत्रं, हे आपल्याकडेही झालंय. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावानं शतपत्रं लिहिली. शेतकऱ्याच्या पत्रांना मराठीत भाऊ शोधायचा तर मला तो तिथं दिसतो. फरक एवढाच की डिकिन्सन सरकारला बोलत होता आणि लोकहितवादी आपल्याच लोकांना.

कडूगोड:
मूळ प्रश्न राहिला की! मत फिरलं की नाही?

तळटीप:
त्यावरच येत होतो. हा दाखला कमी सांगितला जातो.

१ मे १७७६. ‘कॉमन सेन्स’ निघून पावणेचार महिने झालेले. फिलाडेल्फियात प्रांतिक सभेच्या चार जागांसाठी निवडणूक झाली आणि लढत सरळ स्वातंत्र्य हवं की नको यावर होती. जिथं पुस्तिका छापली, जिथं पेन राहत होता, त्या शहरात चारपैकी तीन जागा स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्यांनी जिंकल्या. मतदानाला मालमत्तेची अट होती, त्यामुळे पेनचे पुष्कळसे वाचक मत देऊच शकत नव्हते, हे खरं. तरी फरक थोडा होता म्हणून निकाल बाजूला सारता येत नाही.

म्हणून माझं मत: पुस्तिकेनं मत फिरलं नाही.

खिळेकरी:
मग दोन महिन्यांत जाहीरनामा कसा झाला?

तळटीप:
घटनांनी झाला. १७७५ च्या ऑक्टोबरात इंग्रज जहाजांनी फॉलमाउथ गाव जाळलं. १ जानेवारीला नॉरफोकवर तोफा डागल्या. वसाहती बंडखोर आहेत असं राजाचं भाषण पुस्तिकेच्या सोबतच फिलाडेल्फियात पोचलं. जर्मन भाडोत्री सैनिक येताहेत ही बातमी मे महिन्यात आली. राजानंच राजाला सोडायला लावलं.

नदीकाठ:
इथं मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. गाव जळालं की राग येतो, पण रागाचं पुढे काय करायचं ते गाव जाळून कळत नाही. १७७५ च्या एप्रिलपासून लढाई सुरू होती. माणसं मरत होती, तरी काँग्रेस राजाला विनंतीचे अर्ज पाठवत होती. सगळ्यांचा राग प्रधानांवर आणि पार्लमेंटवर होता. राजा चांगला, भोवतीचे वाईट, हे समाधान सुटत नव्हतं. ड्युलनी, डिकिन्सन, सगळे त्याच अंगणात भांडत होते, लॅटिन वचनं आणि खटले यांच्या आधारानं. पेननं बायबल उघडलं. इस्राएलच्या लोकांनी राजा मागितला तेव्हा देव रागावला, ही गोष्ट प्रत्येक चर्चमध्ये ऐकलेली होती, तीच त्यानं पुढे ठेवली आणि विचारलं की राजा मुळात हवाच कशाला? हा प्रश्न छापून, सुताराला कळेल अशा भाषेत, वसाहतींत त्याच्याआधी फारसा कुणी विचारला नव्हता.

आणि घटना की पुस्तिका, श्रेय कुणाला द्यायचं याचं उत्तर मला वॉशिंग्टनच्या पत्रात मिळालं. ३१ जानेवारी १७७६. त्यानं लिहिलंय की फॉलमाउथ आणि नॉरफोकला दिले तसे आणखी काही जळते युक्तिवाद आणि त्याला ‘कॉमन सेन्स’मधल्या बिनतोड विचारांची जोड, एवढं झालं की वेगळं व्हावं की नाही हे ठरवायला लोकांना अडचण राहणार नाही. सेनापतीनं आग आणि पुस्तिका एकाच वाक्यात ठेवल्या. माझी लेक तिच्या उत्तराची सुरुवात याच पत्रानं करणार आहे. सीबरी आणि जळालेल्या दीड हजार प्रतीही तिनं घेतल्या आहेत. गुण मिळतील का माहीत नाही.

तळटीप:
पत्राबद्दल आभार. माझं वाक्य सुधारून घेतो: एकट्या पुस्तिकेनं मत फिरलं नाही.

बांधावरून:
लेकीला आशीर्वाद. तिला सांगा, सीबरीला घेतलंस म्हणून एका शेतकऱ्याला बरं वाटलं. कधी इकडे आलात तर हुरडा खायला या.

नदीकाठ:
नक्की येऊ, दादा. फिलाडेल्फियात १७३१ पासूनचं एक जुनं ग्रंथालय आहे, लायब्ररी कंपनी. त्यांच्याकडे त्या काळच्या पुस्तिका आहेत. बघायला परवानगी मिळाली तर सुट्टीत लेकीला घेऊन जाणार आहे.

खिळेकरी:
ताई, गेलात तर एवढं करा. शिलाईला भोकं किती आहेत ते मोजा आणि दोरा अजून मूळचा आहे का ते विचारा. इथं लिहा, मी वाट बघतो.